शंभर संगणक, एकच शिदोरी

एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शंभर नवे संगणक दाखल झाले आहेत. खोकी फोडून झाली, टेबलांवर यंत्रे मांडली गेली, नेटवर्कच्या तारा जोडल्या गेल्या. आता प्रत्येक यंत्रावर लिनक्स बसवायचे आहे. त्याचा एक मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. सीडी किंवा पेनड्राइव्ह घालायचा, भाषा कोणती, हार्ड डिस्कचे भाग किती, पासवर्ड काय, अशा प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि पुढच्या यंत्राकडे वळायचे. एका यंत्रामागे ४० मिनिटे धरली तर शंभर यंत्रांना ४,००० मिनिटे, म्हणजे ६६ तासांहून अधिक वेळ लागेल. दोन-तीन यंत्रे एकाच वेळी हाती घेतली तर हा वेळ कमी होईल. पण खरी अडचण केवळ वेळेची नाही. चाळिसाव्या यंत्रापाशी पोहोचलेला माणूस थकलेला असतो. कुठे एखादे पॅकेज निवडायचे राहते, कुठे डिस्कचा भाग लहान पडतो, कुठे पासवर्डात एक अक्षर चुकते. वरून सारखी दिसणारी शंभर यंत्रे आतून शंभर तऱ्हांची होतात, आणि ही तफावत नेमकी प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी उघडकीस येते.

यावर संगणक व्यवस्थापकांनी शोधलेला उपाय म्हणजे नेटवर्कवरून होणारी स्वयंचलित उभारणी. यंत्राला वीज मिळावी, त्याने नेटवर्कवरच्या सर्व्हरला हाक मारावी, स्वतःपुरती सामग्री मागवून घ्यावी आणि कोणीही कळफलकाला हात न लावता संपूर्ण कार्यप्रणाली डिस्कवर उतरावी, अशी ही व्यवस्था आहे. तिच्या केंद्रस्थानी असते ती 'बूट इमेज'. लांबच्या प्रवासाला निघालेल्याने सोबत शिदोरी घ्यावी, तशी ही इमेज म्हणजे कोऱ्या यंत्राची शिदोरी होय. ती नीट बांधली असेल तर प्रवास सुखाचा होतो. तीत एखादी लहानशी वस्तू राहून गेली तर शंभरच्या शंभर यंत्रे एकाच ठिकाणी अडून बसतात.

कोऱ्या यंत्राला वाचा कशी फुटते?

ज्या डिस्कवर काहीच नाही, ते यंत्र सर्व्हरशी बोलणार कसे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर यंत्राच्या फर्मवेअरमध्ये आणि नेटवर्क कार्डात दडलेले आहे. या सोयीला 'पीएक्सई' असे नाव असून तिची २.१ ही आवृत्ती इंटेलने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. मात्र तिचे घटक त्याहून जुने आहेत. फाइल पाठवण्याची 'टीएफटीपी' ही साधी पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिली गेली. डिस्क नसलेल्या यंत्राला स्वतःचा पत्ता कळावा म्हणून 'बूटपी' ही पद्धत १९८५ मध्ये आली आणि तिचाच विस्तार होऊन १९९३ मध्ये 'डीएचसीपी' अस्तित्वात आली. घरच्या ब्रॉडबँडपासून कार्यालयातल्या वाय-फायपर्यंत आज सर्वत्र पत्ते वाटण्याचे काम हीच डीएचसीपी करते.

क्रम असा असतो. यंत्र सुरू होताच नेटवर्क कार्ड साऱ्या नेटवर्कला उद्देशून विचारते, "मला पत्ता कोण देईल?" डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो आणि त्यासोबत आणखी दोन गोष्टी कळवतो: पुढची फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचे नाव काय. यंत्र त्या सर्व्हरकडून टीएफटीपीने एक छोटा कार्यक्रम आणते. हा कार्यक्रम म्हणजे बूटलोडर. जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रांसाठी एच. पीटर अॅनविन यांचा 'पीएक्सईलिनक्स' हा बूटलोडर वर्षानुवर्षे वापरात आहे. नव्या यूईएफआय यंत्रांसाठी बहुधा 'ग्रब' वापरला जातो. दोन्ही जातींची यंत्रे एकाच दालनात असतील तर सर्व्हरला ती ओळखावी लागतात. त्यासाठी यंत्र आपल्या हाकेतच स्वतःची जात ९३ क्रमांकाच्या पर्यायात सांगते. तो पाहून सर्व्हरने योग्य ती फाइल पुढे करायची असते.

कोणत्या यंत्राला काय द्यायचे, हे ठरवण्याची पीएक्सईलिनक्सची रीत मोठी सुबक आहे. तो प्रथम यंत्राच्या अद्वितीय क्रमांकाच्या नावाची फाइल शोधतो, मग नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याच्या नावाची. तीही नसेल तर तो आयपी पत्ता षोडशमान पद्धतीत लिहून त्या नावाची फाइल पाहतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.२५ हा पत्ता सी०ए८०ए१९ असा होतो. या नावाची फाइल सापडली नाही तर शेवटचे एक अक्षर गाळून पुन्हा शोध घेतला जातो. अखेर काहीच न मिळाल्यास 'डिफॉल्ट' नावाची फाइल घेतली जाते. त्यामुळे एका यंत्रासाठी, एका रांगेसाठी किंवा साऱ्या दालनासाठी वेगवेगळी सूचना ठेवता येते.

शिदोरीत काय असते?

बूटलोडर यानंतर दोन वस्तू आणतो. एक लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल. आणि दुसरी 'इनिटआरडी' या नावाने ओळखली जाणारी फाइल. सानुकूल बूट इमेज तयार करायची म्हणजे मुख्यतः या दुसऱ्या फाइलवर काम करायचे.

पूर्वी इनिटआरडी ही एका लहान डिस्कची हुबेहूब नक्कल असे. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या कर्नल मालिकेपासून तिची जागा 'इनिटरॅमएफएस'ने घेतली. जुने नाव मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिले. ही नवी रचना अगदी सरळ आहे. फाइलींचे एक गाठोडे 'सीपीआयओ' पद्धतीने बांधायचे आणि दाबून लहान करायचे. कर्नल सुरू होताना ते मेमरीत सोडतो आणि त्यातला 'इनिट' हा कार्यक्रम चालवतो. आवश्यक त्या साध्या आज्ञा, नेटवर्क आणि डिस्क यांचे ड्रायव्हर आणि उभारणीचा कार्यक्रम, एवढे सारे या गाठोड्यात असते. डिस्कला अजून कोणी स्पर्शही केलेला नसतो. सारा व्यवहार मेमरीत चालतो.

गाठोडे लहान का असावे, याचे कारण टीएफटीपीच्या स्वभावात आहे. ही पद्धत मुळात ५१२ बाइटांचा एकेक तुकडा पाठवते आणि पोच मिळाल्याशिवाय पुढचा तुकडा सोडत नाही. ३० एमबीच्या फाइलचे असे ६१,४४० तुकडे होतात आणि तितक्याच पोचपावत्या यंत्राला द्याव्या लागतात. त्यातच तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांत लिहिला जातो, म्हणून मूळ नियमांनुसार फाइल सुमारे ३२ एमबीपलीकडे जाऊ शकत नव्हती. तुकडा मोठा करण्याची मुभा पुढे १९९० च्या दशकात अधिकृतपणे मिळाली आणि ही अडचण सैल झाली. तरीही जड सामग्री टीएफटीपीने न पाठवता पुढच्या टप्प्यात एचटीटीपीने पाठवणे हेच शहाणपणाचे ठरते. २०१० मध्ये सुरू झालेला 'आयपीएक्सई' हा मुक्तस्रोत बूटलोडर कर्नल आणि इनिटआरडीही एचटीटीपीने आणू शकतो. २०१५ च्या २.५ या आवृत्तीपासून यूईएफआयच्या नियमांतच एचटीटीपीवरून बूट होण्याची सोय आली आहे.

कार्ड आहे, पण ओळख नाही

तयार इनिटआरडी उपलब्ध असताना स्वतःची बनवायचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर एका विचित्र प्रसंगात मिळते. यंत्राने नेटवर्कवरून पत्ता घेतला, कर्नल आणला, इनिटआरडी आणली. आणि पडद्यावर अक्षरे उमटली की, नेटवर्क कार्ड सापडत नाही! ज्या कार्डावरून सारे आले, तेच कार्ड सापडत नाही, हे ऐकून नवखा माणूस चक्रावतो. पण यात विसंगती नाही. सुरुवातीला कार्ड चालवत होते ते यंत्राचे फर्मवेअर. कर्नलने सूत्रे हाती घेताच ते बाजूला झाले. आता कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर हवा, आणि तो गाठोड्यात नसेल तर काम तिथेच थांबते.

डेबियन या प्रसिद्ध लिनक्स वितरणाच्या इतिहासात हा प्रश्न ठळकपणे दिसतो. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ६ मध्ये कर्नल पूर्णतः मुक्त ठेवण्याच्या भूमिकेतून, ज्यांचा स्रोत खुला नाही अशा फर्मवेअर फाइली वेगळ्या काढण्यात आल्या. तत्त्व म्हणून ते सुसंगत होते. पण त्या काळी अनेक सर्व्हरांत ब्रॉडकॉमची नेटवर्क कार्डे होती आणि त्यांतील 'बीएनएक्स२' ड्रायव्हरवर चालणाऱ्या कार्डांना अशी फर्मवेअर फाइल लागत असे. पेनड्राइव्हवरून उभारणी करणारा माणूस दुसऱ्या पेनड्राइव्हवरून ती फाइल देऊ शकत होता. पण कुलूपबंद सर्व्हर-खोलीत रात्री आपोआप उभ्या राहणाऱ्या यंत्राला ती कोण देणार?

उपाय कर्नलच्याच एका गुणात होता. कर्नल एकापाठोपाठ जोडलेली अनेक सीपीआयओ गाठोडी क्रमाने सोडू शकतो. म्हणजे मूळ इनिटआरडी उसवायची गरजच नाही. हव्या त्या फर्मवेअर फाइलींचे वेगळे गाठोडे बांधावे, दाबावे आणि मूळ फाइलच्या शेपटीला जोडून द्यावे. दोन्हींत एकाच नावाची फाइल असेल तर नंतरची आधीचीवर मात करते. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने असे फर्मवेअर अधिकृत उभारणी-माध्यमांत घेण्याचा निर्णय केला आणि जून २०२३ मधील डेबियन १२ मध्ये तो अमलात आला. तरीही नेटवर्कवरच्या छोट्या इमेजला आपल्या यंत्रांपुरती भर घालायची असेल तेव्हा ही जोडणीची रीत आजही कामी येते.

फर्मवेअर जोडणे सोपे. ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला, त्याच आवृत्तीशी त्याचे जुळते. एक आकडा बदलला तरी कर्नल तो नाकारतो. नेटवर्कवरून उभारणी करताना याचा आणखी एक फटका बसतो. सर्व्हरवरची इमेज जुनी राहिली आणि वितरणाच्या भांडारातला कर्नल नवा झाला, तर उभारणीचा कार्यक्रम जुळणारे ड्रायव्हर मिळत नसल्याचे सांगून थांबतो. काल चाललेली व्यवस्था आज कोणी हात न लावता बंद पडते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. भांडार बदलले की इमेजही नव्याने बांधावी, किंवा भांडाराची स्वतःची गोठवलेली प्रत ठेवावी, हा त्यावरचा इलाज आहे.

उत्तरे आधीच लिहून ठेवलेली

शिदोरीतला अखेरचा आणि महत्त्वाचा जिन्नस म्हणजे उत्तरपत्रिका. उभारणीचा कार्यक्रम जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे आधीच एका फाइलीत लिहून ठेवली जातात. रेड हॅटच्या परिवारात तिला 'किकस्टार्ट' म्हणतात, डेबियनमध्ये 'प्रीसीड', सुसेमध्ये 'ऑटोयास्ट'. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत २०.०४ पासून 'ऑटोइन्स्टॉल' ही पद्धत आली. भाषा, कालक्षेत्र, डिस्कची विभागणी, पॅकेजांची यादी आणि अखेरीस चालवायच्या आज्ञा, सारे काही या फाइलीत येते.

ती ठेवायची कुठे, याला महत्त्व आहे. एचटीटीपी सर्व्हरवर ठेवली तर बदलायला सोपी. पण नेटवर्क सुरू झाल्यावरच ती वाचता येणार. त्याआधी विचारल्या जाणाऱ्या भाषेच्या आणि नेटवर्कच्या प्रश्नांचे काय? त्यांची उत्तरे मग बूटलोडरच्या ओळीत द्यावी लागतात. डेबियनच्या बाबतीत प्रीसीड फाइल इनिटआरडीच्या मुळाशीच ठेवली तर ती आपोआप आणि सर्वांत आधी वाचली जाते, त्यामुळे पहिल्या प्रश्नापासूनच यंत्र निरुत्तर राहत नाही. मात्र मजकुरात एक स्वल्पविराम बदलायचा झाला तरी इमेज पुन्हा बांधावी लागते. म्हणून अनेक व्यवस्थापक मधला मार्ग पत्करतात. इमेजमध्ये फक्त सुरुवातीची, न बदलणारी उत्तरे ठेवायची आणि उरलेली सर्व्हरवरून मागवायची.

या विचाराची फळे मोठ्या प्रमाणावर दिसली ती संगणक-समूहांत. जर्मनीतील कोलोन विद्यापीठात १९९९ मध्ये थॉमस लांगे यांनी 'एफएआय' ही पूर्ण स्वयंचलित उभारणीची प्रणाली सुरू केली. त्यानंतर २००० मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरशी निगडित 'रॉक्स' प्रकल्प किकस्टार्टच्या पायावर उभा राहिला. रॉक्सची दृष्टी त्या वेळी धाडसी वाटावी अशी होती. समूहातले एखादे यंत्र बिघडले, त्याची अवस्था इतरांशी जुळेनाशी झाली, तर त्याची डागडुजी करत बसू नये. ते सरळ पुन्हा उभारावे. उभारणीला माणूस लागत नसेल तर शोध घेण्यापेक्षा नव्याने सुरुवात करणे स्वस्त पडते. यंत्राची खरी ओळख त्याच्या डिस्कमध्ये नसून सर्व्हरवरच्या इमेजमध्ये आणि उत्तरपत्रिकेत असते, हा विचार तिथून पुढे सर्वत्र रुजला.

न विचारता पुसणारे यंत्र

परंतु जे यंत्र प्रश्न विचारत नाही, ते खात्रीही करून घेत नाही. माणूस समोर असताना उभारणीचा कार्यक्रम विचारतो, डिस्कवरचा सारा मजकूर पुसला जाईल, पुढे जायचे का? उत्तरपत्रिकेत त्याचे उत्तर 'होय' असे आधीच लिहिलेले असते. ते शंभर नव्या यंत्रांना उद्देशून लिहिलेले असले, तरी त्याच नेटवर्कवर चुकून नेटवर्कवरून बूट झालेल्या लेखा विभागाच्या यंत्रालाही ते तितक्याच निर्विकारपणे लागू होते. काही मिनिटांत वर्षाचे हिशेब नाहीसे होऊ शकतात, आणि कोणी गुन्हा केला असेही म्हणता येत नाही.

म्हणून काही पथ्ये काटेकोर पाळावी लागतात. 'डिफॉल्ट' फाइलीत कधीही उभारणीची सूचना ठेवू नये. तिथे 'स्वतःच्या डिस्कवरून सुरू हो' एवढेच असावे. ज्या यंत्रांच्या मॅक पत्त्याची नोंद आहे, त्यांनाच उभारणी मिळावी. डिस्कचा उल्लेख 'पहिली डिस्क' असा न करता तिच्या ओळख-क्रमांकाने किंवा आकाराने करावा, कारण कर्नलला डिस्क कोणत्या क्रमाने सापडतील याची शाश्वती नसते. उभारणी संपताच सर्व्हरने त्या यंत्राची नोंद बदलावी; अन्यथा नेटवर्कलाच पहिला मान देणारे यंत्र पुन्हा सुरू होऊन पुन्हा स्वतःला पुसते आणि हे चक्र रात्रभर चालू राहते. शक्य असेल तर हा सारा खेळ वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात चालवावा. त्यामुळे एकाच नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हरांची जुंपण्याचाही धोका टळतो.

सुरक्षिततेची बाजू याहून नाजूक आहे. टीएफटीपी कोणालाही ओळख विचारत नाही. म्हणून उत्तरपत्रिकेत किंवा इनिटआरडीत पासवर्ड उघडा ठेवणे म्हणजे घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखे आहे. तिथे फार तर त्याचे कूटरूप असावे आणि पहिल्या दिवशीच तो बदलावा. सिक्युअर बूटमुळे सारे सुरक्षित होते, असाही समज असतो. त्यात 'शिम' हा स्वाक्षरीयुक्त कार्यक्रम ग्रबची आणि ग्रब कर्नलची स्वाक्षरी तपासतो हे खरे; पण नेहमीच्या मांडणीत इनिटआरडीची स्वाक्षरी कोणी तपासत नाही. यामुळेच स्वतः बांधलेली इनिटआरडी विनासायास चालते, आणि यामुळेच कोणी वाटेत बदललेली इनिटआरडीही तितक्याच सहजतेने चालते. जानेवारी २०२४ मध्ये 'पिक्सीफेल' या नावाने यूईएफआयच्या एका प्रमुख मुक्तस्रोत संचाच्या नेटवर्क भागातील नऊ त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा कार्यप्रणाली सुरू होण्याच्या आधीचा हा टप्पाही हल्ल्याला खुला असतो, हे पुन्हा ध्यानात आले.

कुठे अडले, तिथेच कारण

इतके टप्पे असूनही या व्यवस्थेतला दोष शोधणे अवघड नसते, कारण यंत्र जिथे थांबते तेच ठिकाण दोषाची दिशा सांगते. पडद्यावर पीएक्सई-ई५१ हा संकेत दिसला तर डीएचसीपीचे उत्तरच आलेले नाही. तार, व्हीलॅन किंवा स्विच पाहावा. काही स्विच दाराशी आलेल्या तारेची खात्री करण्यात ३० सेकंद घालवतात आणि तेवढ्यात यंत्राचा धीर सुटू शकतो. त्या दाराला तातडीने खुले होण्याची सूचना द्यावी लागते. पीएक्सई-ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलीचे नाव मिळाले नाही. पीएक्सई-ई३२ म्हणजे टीएफटीपी सर्व्हरने वेळेत प्रतिसाद दिला नाही. ६९ क्रमांकाचे पोर्ट फायरवॉलने अडवले असण्याचा संभव मोठा. कर्नल सुरू होऊन मूळ फाइल-व्यवस्था सापडत नसल्याचे सांगत कोसळला तर इनिटआरडी पोहोचलेली नाही किंवा बिघडलेली आहे. नेटवर्क कार्ड सापडत नसेल तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअर राहिले. आणि सारे सुरळीत चालले असताना यंत्राने अचानक एखादा प्रश्न विचारला, तर उत्तरपत्रिकेत नेमके तेच उत्तर सुटलेले आहे.

हे सारे प्रथम खऱ्या यंत्रावर करून पाहण्याचे कारण नाही. क्यूईएमयूसारख्या आभासी यंत्रात नवी इमेज वाटेल तितक्या वेळा चालवून पाहता येते. तिथे पुसली जाणारी डिस्क म्हणजे केवळ एक फाइल असते. आभासी यंत्रावर यश आले की एक खरे यंत्र, मग पाच, आणि मगच उरलेली सर्व. कारण आभासी यंत्रातले कार्ड आणि दालनातले कार्ड एक नसते. इमेज कोणत्या फाइलींपासून, कोणत्या दिवशी, कशी बांधली याची नोंद आणि ती बांधणारी स्क्रिप्ट जपून ठेवणेही तितकेच अगत्याचे आहे. हाताने उसवून हाताने शिवलेली इमेज तिच्या कर्त्याबरोबरच निवृत्त होते.

भांडेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते. पण विरजण नासके असेल तर सारे भांडे नासते. शंभर यंत्रांचे भवितव्य काही दशक एमबींच्या एका फाइलीत बांधताना हेच लक्षात ठेवायचे असते. एका माणसाने एकदा नीट विचार करून दिलेली उत्तरे शंभर ठिकाणी अचूक पोहोचवणे, ही या तंत्राची खरी देणगी आहे. त्याने केलेली चूकही ते तितक्याच अचूकपणे शंभर ठिकाणी पोहोचवते.